शिदोरी

ऑझेनिरने पोत्यातून तीन पिशव्या काढल्या,
तापाजोसच्या वरच्या अंगाहून दोन दिवस होडीतून आलेल्या,
आणि म्हणाला, यात तीन झाडं आहेत.
डॉक्टर वाल्देलिसे म्हणाल्या, दोन.
कपाटात दोनच नावं आहेत;
तिसरं म्हणजे दुसऱ्याचंच, जरा उंच वाढलेलं.

मी काही म्हणाले नाही.
मी बिया दळते.

फुलं हाती असती तर वादच नव्हता.
पण जातोबा फुलतो चाळीस मीटरवर, रात्री,
वटवाघळांच्या भरवशावर,
आणि खाली पोचेतो पाकळ्यांचा लगदा होतो.
पानं जोडीजोडीने येतात, तिघांचीही.
साल करडी, तिघांचीही.
डिंकाला विचारावं तर तो ऋतूप्रमाणे बोलणं फिरवतो.

म्हणून बी.
शेंग हातोडीने फोडायची. आत पिवळं पीठ,
दिवसभर वापरलेल्या मोज्यांच्या वासाचं;
ऑझेनिरची मुलं ते दुधात कालवून खातात.
मग बी कानशीने घासायचं, भिजवायचं, वाटायचं, उकळायचं,
की पातेल्यात खळ धरते,
दाट, पारदर्शक, चमच्याला न सोडणारी.
ही आईने बांधून दिलेली शिदोरी:
काळोखात रुजणाऱ्या पोराला
पहिला उजेड दिसेपर्यंत पुरावी म्हणून.

शिदोरी कुठल्या घरची ते गाठोडं सोडलं की कळतं.
माझ्या डब्यातला कसावाचा जाड पिवळा रवा बघून
पहिल्याच दिवशी फाटकावरचा एलिएझेर म्हणाला होता,
ब्रागांसाची दिसतेस.
माझं आडनाव विचारलं त्याने पुढच्या वर्षी.

तर, ग्लुकोजची लांब माळ,
तिला झायलोजचे लोंबते मणी,
एखाद्या मण्याला आणखी एक, गॅलॅक्टोजचा.
कुठल्या मण्याला आणि किती अंतराने,
एवढ्यातच घराण्याची रीत.
एन्झाइम माळ कापतं, ठरल्या जागीच,
मी तुकडे ठिपक्याठिपक्याने काचपट्टीवर ठेवते,
आणि द्रव चढू लागतो.
त्याला घाई करता येत नाही.
बाहेर दुपारचा रोजचा पाऊस येऊन जातो,
एसीखालची बादली मी दोनदा ओतते.

फवारा मारून पट्टी तापवली. जांभळे ठिपके उमटले.
पहिलं आणि तिसरं: पायरीला पायरी.
दुसरं एकटं,
त्याचा एक ठिपका भलतीकडेच.

दोनच, डॉक्टर म्हणाल्या, मग थांबल्या,
कारण दोन खरे, पण त्यांचे दोन नव्हेत.
पुन्हा कर.
पुन्हा केलं. नव्या बिया, नवी पट्टी.
तेच.
ऑझेनिरला फोनवर सांगितलं.
तो नदीच्या आवाजातून ओरडला,
पहिल्याच्या शेंगा अगुती कुरतडून नेते,
तिसऱ्याच्या हुंगून सोडून देते,
तिला विचारलंत का?

नाही विचारलं.
तिच्या उत्तरासाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही.

तिसऱ्या पिशवीत एक बी उरलं होतं.
गच्चीवर, रंगाच्या जुन्या डब्यात लावलं.
दोन जाड दलं माती फोडून वर आली,
हिरवट, फुगीर, जेवून उठल्यासारखी.
मी रोज बघते.
दर आठवड्याला ती थोडी सुरकुततात,
वरची जोडपानं थोडी रुंदावतात.
ज्यावरून आम्ही भांडतोय
तो पुरावा ते चमचाचमचाने संपवतंय.

काल ऑझेनिर आला, नव्या पिशव्या घेऊन.
काय ठरलं, त्याने विचारलं.
मी त्याला गच्चीवर नेलं.
म्हटलं, थांब जरा,
अजून जेवतंय.